वाइड अँगल लेन्सच्या परीक्षणात फोकस रिंगलाही जागा हवी

मा. संपादक यांस,

स. न. वि. वि.

मराठी वृत्तपत्रांच्या पुरवण्यांमध्ये अधूनमधून कॅमेरे आणि लेन्स यांची परीक्षणे येतात आणि ती मी आवर्जून वाचतो. वाइड अँगल, म्हणजे रुंद दृश्य टिपणाऱ्या, लेन्सवरचे लेख वाचताना मात्र एक उणीव सतत जाणवते. फोटोच्या मध्यभागी तपशील किती स्वच्छ उतरला, कोपरे किती काळवंडले, ऑटोफोकस किती झटपट आहे आणि किंमत किती, एवढे सांगून परीक्षण आटोपते. फोकसची रिंग हाताने फिरवल्यावर ती कशी वागते, याविषयी फार तर ‘रिंग मऊ फिरते’ असे एखादे वाक्य असते, बहुधा तेही नसते. दूरचे जवळ आणणाऱ्या टेलिफोटो लेन्सच्या परीक्षणात हे एक वेळ चालून जाईल. वाइड अँगलच्या बाबतीत ते चालू नये, कारण हाताने फोकस करण्याची वेळ ज्या कामांत येते, त्यांपैकी बऱ्याच कामांत कॅमेऱ्यावर हीच लेन्स चढवलेली असते.

अजिंठ्याच्या लेण्यांत फ्लॅश वापरायला मनाई आहे आणि ती रास्तच आहे. तिथल्या मंद उजेडात रंग उडालेल्या, एकसारख्या दिसणाऱ्या भिंतीवर ऑटोफोकस पुढेमागे चाचपडत राहतो आणि शेवटी छायाचित्रकाराला रिंगच हातात घ्यावी लागते. लोणारच्या विवराकाठी अंधाऱ्या रात्री आकाशगंगा टिपायची असेल, तर बहुतेक कॅमेऱ्यांवर एखादा ठळक तारा मोठा करून पाहत हातानेच फोकस जुळवावा लागतो. कास पठारावर सीतेची आसवे फुललेली असताना लेन्स फुलांच्या अगदी जवळ नेऊन मागचे ढग आणि क्षितिजही सांभाळायचे असेल, तर फोकस फुलावर ठेवायचा की त्याच्या मागे हातभर, हे कॅमेऱ्याला सांगता येत नाही. ते ज्याचे त्याने ठरवायचे असते.

यावर नेहमीचा आक्षेप असा की, वाइड अँगलमध्ये जवळजवळ सगळेच फोकसमध्ये असते, मग रिंगची एवढी चिकित्सा कशाला? या समजाला काहीच आधार नाही असे नाही. जुन्या फिल्मच्या चौकटीएवढ्या फुल फ्रेम सेन्सरवर २४ मिमी नाभीय अंतराची लेन्स (हा आकडा जितका लहान तितके दृश्य रुंद) एफ/८ ला, म्हणजे प्रकाशाचे छिद्र बरेच लहान ठेवून, सुमारे २.४ मीटरवर फोकस केली, तर कुठून कुठपर्यंत स्पष्ट दिसेल हे सांगणाऱ्या रूढ कोष्टकाप्रमाणे १.२ मीटरपासून अनंतापर्यंत सर्व काही स्पष्ट येते. परंतु ०.०३ मिमी व्यासाचा धूसर ठिपकाही डोळ्याला बिंदूच वाटेल, असे धरून हे कोष्टक बनवलेले आहे, आणि ते गृहीतक आठ बाय दहा इंचांची प्रत फूटभर अंतरावरून पाहण्याच्या काळातले आहे. आजच्या २४ मेगापिक्सेलच्या फुल फ्रेम सेन्सरवर एका पिक्सेलची रुंदी सुमारे ०.००६ मिमी भरते, म्हणजे कोष्टक ज्याला स्पष्ट म्हणते तो ठिपका पाच पिक्सेल रुंद असतो. प्रदर्शनासाठी मोठी प्रत काढणाऱ्याला रायगडावरून टिपलेली दूरची डोंगररांग पुसट का आली, याचे उत्तर पुष्कळदा इथेच सापडते. लेन्सला दोष दिला जातो, आणि दोष असतो तो जुन्या कोष्टकावर टाकलेल्या भरवशात.

दुसरी बाजू यांत्रिक आहे आणि ती परीक्षणांत क्वचितच येते. सगळा भिंगसंच पुढे सरकवून फोकस करणारी २४ मिमीची लेन्स अनंतावरून एक मीटरवर आणायची, तर भिंगे सुमारे ०.६ मिमी सरकवावी लागतात. ५० मिमीच्या लेन्सला याच कामासाठी सुमारे २.६ मिमी लागतात. अनंतावरून तीन मीटरवर येताना तर २४ मिमीच्या लेन्सचा प्रवास जेमतेम ०.२ मिमी असतो. एवढ्याशा जागेत सगळे निसर्गचित्रण, सगळे वास्तुचित्रण आणि सगळे आकाशचित्रण उरकायचे असते. भिंगे ०.०५ मिमीने चुकीच्या जागी राहिली, तर फोकस अनंतावरून सुमारे साडेअकरा मीटरवर येऊन बसतो आणि एफ/२.८ ला तारा तीन पिक्सेल पसरतो. म्हणून रिंगच्या आट्यांची चाल किती संथ आणि किती नेमकी आहे, हा प्रश्न ५० मिमीपेक्षा २४ मिमीच्या लेन्सला अधिक कसून विचारला पाहिजे. प्रत्यक्षात होते नेमके उलटे.

ही अडचण आजची नाही. आरशातून दृश्य दाखवणाऱ्या एसएलआर कॅमेऱ्यात लेन्सच्या मागे आरशाला हलायला जागा लागते, त्यामुळे कमी नाभीय अंतराची लेन्स बसवणे अवघड होते. फ्रान्सच्या पिएर आँजेन्यू यांनी १९५० मध्ये ३५ मिमीची रेट्रोफोकस लेन्स आणून त्यावर मार्ग काढला. पुढच्या बाजूला प्रकाश फाकवणारे अपसारी भिंग घातल्याने लेन्सची मागची बाजू फिल्मपासून पुरेशी दूर ठेवता आली. तरी फोकस डोळ्याने पारखण्याचा प्रश्न सुटला नाही, कारण वाइड अँगलमधून कॅमेऱ्यातल्या पाहण्याच्या काचेवर सारे बारीक बारीक दिसते आणि फोकस आला की गेला हे चटकन उमगत नाही. त्या पिढीतले वृत्तछायाचित्रकार म्हणून लेन्सवर कोरलेल्या अंतराच्या आकड्यांवर विसंबत. निकॉन एफएम२ सारखा कॅमेरा, त्यावर २४ किंवा २८ मिमीची लेन्स, अ‍ॅपर्चर एफ/८, रिंग अडीच-तीन मीटरवर, आणि मोर्च्याच्या गर्दीत कॅमेरा डोक्यावर धरून टिपलेला फोटो, ही पद्धत चालत असे ती आकडे खरे होते आणि रिंग ठेवली तिथेच राहत होती म्हणून. १९८५ मध्ये मिनोल्टा ७००० आल्यानंतर ऑटोफोकस रूढ झाला, मोटरला काम झटपट उरकता यावे म्हणून रिंगचा फेरा आखूड होत गेला आणि अंतराची पट्टी तर पुष्कळ लेन्सवरून नाहीशीच झाली.

आरसा नसलेल्या मिररलेस कॅमेऱ्यांच्या बहुतेक ऑटोफोकस लेन्समध्ये आता रिंगचा भिंगांशी थेट संबंधच उरलेला नाही. रिंग किती फिरली हे आतले यंत्र मोजते आणि त्याप्रमाणे मोटर भिंगे सरकवते. अशा अनेक लेन्समध्ये रिंग सावकाश फिरवली तर फोकस थोडा सरकतो आणि तेवढीच रिंग झटक्यात फिरवली तर पुष्कळ सरकतो. ही व्यवस्था सरसकट वाईट आहे असे मी म्हणणार नाही. ट्रायपॉडवर ताऱ्याचा फोकस जुळवताना संथ चाल उपयोगी पडते, आणि काही कॅमेऱ्यांत ही चाल सरळ प्रमाणात ठेवण्याची सोयही असते. पण व्हिडिओ करणाऱ्याला एका पात्रावरून दुसऱ्या पात्रावर फोकस नेऊन पुन्हा पहिल्या खुणेवर आणायचा असतो, त्याला ही लेन्स खूणच धरू देत नाही. शिवाय कॅमेरा बंद करून पुन्हा सुरू केल्यावर काही लेन्स फोकसची आधीची जागा विसरतात. संध्याकाळच्या उजेडात जुळवून ठेवलेला फोकस रात्री जागेवर नसतो, आणि याचा उल्लेख परीक्षणात नसल्याने ग्राहकाला ते पैसे मोजल्यावर कळते.

परीक्षकाने नेमके काय पाहावे, हे सांगितल्याखेरीज ही तक्रार अर्धवट राहील. यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. लेन्स ट्रायपॉडवरच्या कॅमेऱ्याला लावावी, रिंगवर कागदाची अरुंद पट्टी चिकटवावी आणि सर्वांत जवळच्या अंतरापासून अनंतापर्यंत रिंग किती अंश फिरते ते मोजावे. त्याहून महत्त्वाचा आकडा दोन मीटरपासून अनंतापर्यंतच्या फेऱ्याचा, कारण काही लेन्समध्ये एकूण फेरा ऐसपैस असला तरी त्याचा मोठा भाग पहिल्या अर्ध्या मीटरमध्येच खर्च होतो. नंतर एखाद्या ठळक लक्ष्यावर आधी जवळून दूर जात आणि मग दुरून जवळ येत फोकस जुळवावा. यांत्रिक रिंग असेल तर दोन्ही वेळा पट्टीवरची खूण एकाच जागी यायला हवी, आणि येत नसेल तर आट्यांत ढिलेपणा आहे असे समजावे. मोटरवर चालणारी रिंग असेल तर ती एकदा सावकाश पुढे आणि एकदा झटकन मागे तेवढीच फिरवून फोकस पूर्वीच्या जागी परततो का, हे पाहावे. हे सर्व करताना चित्र पडद्यावर मोठे करून पाहावे. फोकसमधल्या कडा रंगवून दाखवणाऱ्या पीकिंगच्या सोयीवर वाइड अँगलपुरते तरी विसंबू नये, कारण बारीक तपशिलांनी भरलेल्या चौकटीत ती जवळचे आणि दूरचे सारेच रंगवून मोकळी होते.

हाताला लागणाऱ्या जडपणाचाही हिशेब ठेवता येतो. चांगल्या रिंगचा विरोध संपूर्ण फेऱ्यात सारखा लागतो, मध्येच ती अडत नाही की निसटत नाही. जुन्या लेन्समधले ग्रीस सुकले की रिंग खरखरते, आणि हिमालयात कडाक्याच्या थंडीत तेच ग्रीस घट्ट होऊन रिंग जड लागते. मुंबईच्या फोर्टातील बोरा बाजारात जुनी लेन्स घेताना लोक टॉर्च लावून आतली बुरशी शोधतात आणि ते योग्यही आहे, मात्र रिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चार-पाच वेळा संथपणे फिरवून पाहणारे थोडेच असतात. (जाता जाता, निकॉन आणि कॅनन यांच्या रिंग परस्परांच्या उलट दिशेने फिरतात. एका कंपनीची सवय असलेल्या हाताला दुसरीची लेन्स काही दिवस चुकीचीच वाटते, तेव्हा परीक्षकाने आपली सवय कोणती हेही सांगून टाकावे.)

अनंताच्या खुणेबद्दल थोडे अधिक लिहितो, कारण तिथे सर्वाधिक घोटाळा होतो. जुन्या मॅन्युअल लेन्समध्ये रिंग अनंतावर जाऊन ठामपणे थांबते. ऑटोफोकस लेन्स मात्र अनंताच्या किंचित पुढेही जाते, आणि तापमानाने पडणारा फरक व मोटरची हालचाल यांसाठी ती मोकळीक मुद्दाम ठेवलेली असते. त्यामुळे आकाश टिपताना रिंग शेवटपर्यंत फिरवली की फोकस हमखास चुकतो. जुनी लेन्स अ‍ॅडॉप्टर लावून नव्या कॅमेऱ्यावर वापरणाऱ्यांची अडचण याहून निराळी आहे. निकॉनच्या जुन्या एफ माउंटमध्ये (माउंट म्हणजे लेन्स कॅमेऱ्याला जोडण्याची व्यवस्था) लेन्सच्या बैठकीपासून फिल्मपर्यंतचे अंतर ४६.५ मिमी आणि मिररलेस कॅमेऱ्यांच्या झेड माउंटमध्ये सेन्सरपर्यंतचे अंतर १६ मिमी, तेव्हा मधला अ‍ॅडॉप्टर ३०.५ मिमीचा हवा. तो किंचित जरी पातळ असला, तरी वर दिलेल्या हिशेबाने लेन्सवरचे सगळे आकडे खोटे पडतात.

रिंगचा विषय चित्राच्या गुणवत्तेपासून वेगळा काढता येत नाही, हेही इथे नोंदवायला हवे. चाचणीच्या छापील तक्त्याचा फोटो काढून वाइड अँगल तपासताना चौकट भरण्यासाठी लेन्स तक्त्याच्या फार जवळ न्यावी लागते, म्हणजे जी लेन्स बहुधा दूरच्या दृश्यांसाठी वापरली जाणार तिची परीक्षा मीटरभर अंतरावर होते. जवळ आणि दूर या दोन्ही ठिकाणी वाइड अँगलचे कोपरे सारखे वागत नाहीत, हे निर्मात्यांना केव्हाच ठाऊक होते. निकॉनने १९६७ च्या २४ मिमी एफ/२.८ लेन्समध्ये जवळच्या अंतरावरील दोष सुधारण्यासाठी भिंगांचे गट वेगवेगळे सरकवण्याची योजना केली ती त्यासाठीच. अनेक लेन्समध्ये फोकसचे प्रतल सपाट नसून वक्र असते, त्यामुळे मध्यावर जुळवलेला फोकस कोपऱ्यात पुढे किंवा मागे पडतो. मोकळ्या मैदानाच्या गवताचा फोटो घेऊन त्यातल्या कडा संगणकावर उठावदार केल्या, तर स्पष्ट भागाचा पट्टा सरळ आहे की वाकडा, हे साध्या डोळ्यांना दिसते. तो पट्टा एका बाजूला कललेला निघाला तर एखादे भिंग अक्षावरून सरकलेले असण्याची शंका घ्यावी. त्याची खातरजमा दूरच्या एकाच खिडकीवर चारही कोपऱ्यांत आळीपाळीने हाताने फोकस जुळवून करता येते. रेषांचा फुगवटा आणि समोरून येणाऱ्या प्रकाशाची तिरीप यांवर परीक्षणांत पुरेसे लिहिले जाते, तेव्हा त्याविषयी मी काही सांगत नाही.

लग्नसमारंभात धावपळ करणाऱ्या छायाचित्रकाराला यातले बरेचसे अनावश्यक वाटेल, आणि त्याच्या कामापुरते ते खरेही आहे. त्याला चेहरा ओळखणारा ऑटोफोकस अधिक मोलाचा आहे. पण परीक्षण सर्व प्रकारच्या वाचकांसाठी असते, आणि किल्ले, लेणी, मंदिरे, पठारे आणि आकाश टिपणाऱ्यांची संख्या आपल्याकडे काही कमी नाही.

तेव्हा आपल्या पुरवणीत यापुढे वाइड अँगल लेन्सचे परीक्षण छापताना रिंग यांत्रिक आहे की मोटरवर चालते, दोन मीटरपासून अनंतापर्यंत ती किती अंश फिरते, अनंतावर ती थांबते का आणि चाचणी कोणत्या अंतरावर घेतली, एवढे तपशील परीक्षकाकडून मागवावेत, अशी विनंती आहे. लेन्स कंपनीने पाठवलेली होती की दुकानातून घेतलेली, हेही एका ओळीत नमूद करावे, कारण सरकलेले भिंग किंवा आट्यांतला ढिलेपणा हे दोष एकाच मॉडेलच्या सगळ्या नगांत सारखे नसतात.

कळावे,

आपला विश्वासू,
एक छायाचित्रकार वाचक, सातारा