बॅरल निवडायला शिकवणाऱ्या काकांना

ती. स्व. काका,
सा. न. वि. वि.

हे पत्र मुद्दाम उघड लिहितो आहोत. तुम्ही जे शिकवलंत ते आमच्यापुरतं ठेवणं बरं नाही. क्लॅरिनेटचं बॅरल, म्हणजे तोंडात धरायचा माउथपीस आणि खालची नळी यांच्यामधला आखूड तुकडा, बदलायचं म्हटलं की बहुतेक जण आधी लाकूड कुठलं ते विचारतात, मग टोकांच्या धातूच्या रिंगा सोनेरी की चंदेरी, आणि लांबी सगळ्यात शेवटी. तुम्ही हा क्रम उलटा केलात, आणि त्याच्याही आधी एक प्रश्न ठेवलात: दोष बॅरलचाच आहे ना? सगळ्यात मोठे आभार या प्रश्नाचे.

कारण तो तपासायला एक मिनिटही लागत नाही. बॅरलचं एक तोंड तळहातानं घट्ट झाकायचं, दुसऱ्या तोंडाला ओठ लावून हवा ओढायची आणि थांबायचं. ओढ टिकली तर बॅरल शाबूत. हळूहळू सुटली तर कुठेतरी तडा आहे. ग्रेनाडिलाच्या काळ्या लाकडात तडा नुसत्या नजरेला फसवतो, अगदी लाकडाच्या शिरेसारखा दिसतो. तो बहुधा रिंगेच्या कडेपासून उभा निघतो, आणि अंगठ्याचं नख आडवं फिरवलं की तिथे हलकं अडतं. शिरेवर नख अडत नाही. हीच परीक्षा वरच्या जॉइंटचीही, म्हणजे बॅरलखालच्या पहिल्या नळीचीही, करायची: भोकं बोटांनी बंद, खालचं तोंड तळहातानं बंद, आणि हवा ओढायची. तिथलं एखादं पॅड (भोक झाकणारी कीची गादी) गळत असेल तर जगातलं सगळ्यात महागडं बॅरलही ते झाकू शकत नाही.

लांबीबद्दल तुम्ही जे सांगितलंत ते इतकं सोपं आहे की लोक त्यावर विश्वास ठेवत नाहीत. बी फ्लॅट क्लॅरिनेटची बॅरल साधारण 64 ते 67 मिमीची मिळतात, त्यातही 65 आणि 66 जास्त. हे माप बाहेरून, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत, रिंगा धरून घ्यायचं. एक मिलिमीटर लांबी वाढली की सगळे सूर सारखेच उतरतील असं वाटतं, पण तसं होत नाही. उघडा जी, म्हणजे एकही भोक न झाकता निघणारा जी, वाजतो तेव्हा आवाज जेमतेम 25 सेंटिमीटर नळी वापरतो, म्हणून 1 मिमीनं तो जवळपास 7 सेंट उतरतो. गळ्यातला, म्हणजे नळीच्या अगदी वरच्या भागातून निघणारा, बी फ्लॅट त्याहून थोडा जास्त, 8 सेंटच्या आसपास. सगळ्यात खालच्या ई ला 58 सेंटिमीटर नळी लागते, तिथे तोच मिलिमीटर फक्त 3 सेंटचा फरक पाडतो. (सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग.) त्याच बोटांना रजिस्टर की (सूर वरच्या पट्टीत नेणारी कळ) लावून निघणारा बी त्याच नळीतून येतो, म्हणून तोही 3 सेंटच. लक्षात ठेवायचं प्रमाण हेच, सात आणि तीन.

या प्रमाणावरून निदान होतं, ते असं. उघडा जी 14 सेंट चढा आणि खालचा ई 5-6 सेंट चढा असेल तर बॅरल 2 मिमी आखूड आहे, 65 काढून 67 लावा. पण जी 14 सेंट चढा आणि ई बरोबर जागेवर असेल तर तो लांबीचा दोष नव्हेच. लांब बॅरल लावून जी खाली येईल, आणि ई 6 सेंटनं पडेल. अशा वेळी गळ्याच्या किल्ल्यांची उघडण्याची उंची, भोकातला मळ, रीडचा (माउथपीसवरच्या वेताच्या पातीचा) ताठपणा आणि ओठांचा दाब तपासायचा. माउथपीस नुकताच बदलला असेल तर तोही तपासायचा. उदाहरणार्थ, व्हँडोरेन कंपनीचे नेहमीचे माउथपीस ए हा सूर 442 हर्ट्झ धरून केलेले असतात आणि त्यांची 13 सिरीज 440 साठी असते. या दोन मापांत सुमारे 8 सेंटचं अंतर आहे, म्हणजे गळ्याच्या सुरांवर बॅरलचा एक मिलिमीटर. माउथपीस ठरल्याशिवाय बॅरल घेऊ नये, हे तुमचं म्हणणं आता आम्ही भेटेल त्या प्रत्येकाला सांगतो.

हे आकडे काढतानाच बहुतेकांची चूक होते. वाद्य दहा मिनिटं वाजवून तापवायचं, कारण आतली हवा एका अंशानं गार असली तरी सूर साधारण 3 सेंट उतरतो. पण वाद्य तापलं आणि तुलनेसाठी आणलेलं नवं बॅरल गारच राहिलं तर ते बिचारं उगाच उतरं ठरतं. म्हणून पाळीतली सगळी बॅरल तेवढाच वेळ खिशात किंवा मुठीत धरायची. रीड तीच, माउथपीस तोच, जोर मध्यम. क्लॅरिनेट हळू वाजवलं की चढतं आणि जोरात वाजवलं की उतरतं, त्यामुळे जोर बदलला की आकड्यांना अर्थ उरत नाही. आणि वाजवणाऱ्यानं ट्यूनर (सूर मोजायचं यंत्र) बघायचा नाही. काटा दिसला की ओठ आपोआप त्याच्याकडे वळतात. आकडे दुसऱ्यानं वाचून वहीत उतरवायचे.

आता पोकळी. खरी गुंतागुंत इथे आहे, आणि जाहिरातींतला धूरही इथेच सगळ्यात दाट. क्लॅरिनेटमध्ये रजिस्टर की दाबली की सूर आठव्या स्वरावर नाही, बाराव्या स्वरावर जातो: खालच्या एफ वरून सी, जी वरून डी. ही जोडी नेमकी जुळली पाहिजे. बॅरलची आतली पोकळी अरुंद केली की डाव्या हाताच्या, म्हणजे आखूड नळीच्या सुरांत खालचा थोडा चढतो, वरचा थोडा उतरतो, आणि जोडीतलं अंतर कमी होतं. रुंद केली की उलट. म्हणून बॅरल निवडताना नुसते सूर नव्हे, जोड्या लिहायच्या. वरचे सूर खालच्यांपेक्षा सतत चढे येत असतील तर उलट्या उताराचं बॅरल उपयोगी पडतं, म्हणजे माउथपीसकडे रुंद आणि खाली जाताना अरुंद होत गेलेलं. फिलाडेल्फियाचे वाद्य-कारागीर हान्स मोएनिग यांनी बफे कंपनीच्या वाद्यांसाठी अशीच बॅरल घडवली, आणि त्यांच्या नावाचं बॅरल आजही मिळतं. पण ते बफेच्या आर 13 सारख्या, साधारण 14.6 ते 14.7 मिमी पोकळीच्या वाद्याला धरून आहे. बूझी अँड हॉक्स कंपनीच्या 1010 या क्लॅरिनेटची पोकळी सरळ आणि 15.24 मिमीची. तिच्यावर अरुंद होत जाणारं बॅरल बसवलं की सांध्याशी पायरी तयार होते आणि जोड्या बिघडतात. त्या वाद्याला त्याच्या मापाचं सरळ बॅरलच हवं. लांबी जुळली म्हणून बॅरल जुळलं असं नाही, हे तिथे कळतं.

बसवणीकडे तर कुणी बघतच नाही. सॉकेटची, म्हणजे बॅरलच्या टोकाच्या खोबणीची, खोली आणि टेननची लांबी, म्हणजे कॉर्क लावलेल्या टोकाची, व्हर्नियरनं मोजून शेजारी लिहायची. सॉकेट खोल आणि टेनन आखूड असला तर आत कडं पडल्यासारखी रुंद खाच राहते. टेनन लांब असला तर बॅरल खांद्याला टेकतच नाही आणि बाहेर फट दिसते. सॉकेटच्या तोंडाचा व्यास दोन काटकोनी दिशांनी घ्यायचा. 0.1 मिमीपेक्षा जास्त फरक म्हणजे लाकूड अंडाकार झालं आहे, ते एका बाजूला घट्ट आणि दुसऱ्या बाजूला गळकं बसणार. जोडल्यावर माउथपीस दोन बोटांनी डावी-उजवीकडे हलवून बघायचा. कॉर्क जाड असेल तर तो बारीक काचकागदानं थोडा थोडा उतरवायचा, बॅरलवर जोर कधीच नाही. लाकूड आतून दाबलं गेलं की तडकतं.

बॅरल थोडं बाहेर ओढून सूर उतरवायची सवय सगळ्यांनाच असते. 1 मिमीपर्यंत चालतं. त्याच्या पुढे आत पडलेली खाच गळ्याचे सूर बाकीच्यांपेक्षा जास्त ओढून खाली नेते. तेव्हा त्या जाडीची ट्यूनिंग रिंग आत टाकायची, नाहीतर लांब बॅरल घ्यायचं. दोन लांब्यांत अडलं तर आखूड घ्या, हा तुमचा सल्ला आम्हाला पूर्ण पटतो. आखूड बॅरलला रिंग घालून उतरवता येतं, लांब बॅरलला आणखी आत ढकलता येत नाही. पोकळीचंही तसंच: ती रीमरनं (भोक रुंद करायच्या हत्यारानं) रुंद करता येते, गेलेलं लाकूड परत येत नाही.

साहित्याबद्दल तुम्ही फार बोलला नाहीत, आणि ते योग्यच. ग्रेनाडिला, एबोनाइट (कडक रबर), डेल्रिन (प्लॅस्टिक): आतली मापं तंतोतंत सारखी असतील तर सुरांच्या जोड्या जवळपास तशाच येतात. फरक पडतो तो टिकण्यात. एबोनाइट आणि डेल्रिन ओलाव्यानं फुगत नाहीत, तडकत नाहीत. लाकडाचं नवं बॅरल मात्र पहिले दोन-तीन आठवडे रोज दहा-पंधरा मिनिटांच्या वर वाजवू नये, आणि काढल्यावर दोन्ही सॉकेटं कोरड्या फडक्यानं पुसावीत, कारण पाणी खालच्या सॉकेटच्या तळाशी साचून राहतं. कोरड्या हवेत लाकूड आक्रसतं आणि धातूची रिंग बोटानं फिरायला लागते. ती घट्ट करून घेईपर्यंत ते बॅरल वाद्याला लावायचं नाही. सॉकेटला बाहेरून आवळून धरणारी तीच असते.

जोड्या लिहायची ती दोन रकान्यांची वही आता आमच्यात सगळ्यांकडे आहे. डावीकडे खालचा सूर, उजवीकडे त्याचा बारावा, आणि मथळ्यावर बॅरलची लांबी, माउथपीस, रीड. तुमच्या अक्षरातल्या पहिल्या पानाची नक्कल प्रत्येकीत पहिल्या पानावर चिकटवली आहे.

कळावे, लोभ आहेच, तो वाढावा ही विनंती.

तुमचे,
क्लॅरिनेट वाजवणारे आम्ही सगळे