विषय : ४१५ व्होल्ट, ५० हर्ट्झची मागणी असताना ४६० व्होल्ट, ६० हर्ट्झची हायड्रॉलिक ट्रॉली पाठवल्याबाबत

प्रति,
व्यवस्थापक, विक्रीपश्चात सेवा विभाग

महोदय,

आपल्याकडून घेतलेल्या ग्राउंड हायड्रॉलिक ट्रॉलीबद्दल (उभ्या विमानाला दाबाचे तेल पुरवणारी ट्रॉली) फोन झाले, ईमेल झाले. उत्तर दरवेळी एकच : "तुमच्याकडची लाइनच खराब आहे." खान्देशातली लाइन आम्हाला नवी नाही. केळीच्या बागांचे पंप सुरू झाले की व्होल्टेज बसते, रात्री लोड उतरला की चढते. म्हणूनच ऑर्डरमध्ये थ्री फेज, ४१५ व्होल्ट, ५० हर्ट्झ असे स्पष्ट लिहून दिले होते.

पॅनलवर '४१५ व्होल्ट'चा स्टिकर आहे. आमच्या वायरमनने मोटरवरचा रंग खरवडला तर खालून नेमप्लेट निघाली : ४६० व्होल्ट, ६० हर्ट्झ, १७६० आरपीएम. मोटर अमेरिकेतल्या पुरवठ्याची. आतला, पॅनलच्या स्विचांना वीज देणारा कंट्रोल ट्रान्सफॉर्मरही ४८० व्होल्टचे १२० करणारा, त्याला दुसऱ्या व्होल्टेजसाठी वेगळा टॅपच (जोडणीच) नाही. आपण बदलले ते फक्त प्लग आणि स्टिकर.

याचा परिणाम ऐका. ५० हर्ट्झवर ही मोटर साधारण १४६० फेरेच घेते, त्यामुळे पंपातून येणारे तेल सुमारे सहाव्या हिश्शाने घटते. गेजवर प्रेशर मात्र बरोबर दिसते, म्हणून सुरुवातीला कोणाला शंकाही आली नाही. विमान जॅकवर घेऊन चाके आत-बाहेर करण्याची चाचणी चालू होती. चाके आत जायला वेळ लागतोय म्हणून आमच्या ग्राहकाच्या इंजिनिअरने विमानाचाच ॲक्च्युएटर (तेलाच्या दाबाने चाके हलवणारा भाग) उतरवला. त्यात काहीही दोष नव्हता. ते काम आणि खोळंबा दोन्हींचे बिल आमच्या नावावर पडले, आणि बोलणी खावी लागली ती वेगळीच.

दुसरी गोष्ट कॉन्टॅक्टरची, म्हणजे मोटर चालू-बंद करणाऱ्या, कॉइलवर चालणाऱ्या स्विचची. ४१५ आत गेले तर त्या ट्रान्सफॉर्मरमधून जेमतेम १०४ व्होल्ट बाहेर येतात. १२० च्या कॉइलला ८५ टक्के, म्हणजे १०२ तरी लागतात. पुरवठ्यात ६ टक्के खाली-वर नियमातच बसते, म्हणजे ३९० पर्यंत लाइन कायदेशीरपणे चांगलीच. पण ३९० ला कॉइलवर ९७-९८ च उरतात आणि कॉन्टॅक्टर थडथडायला लागतो. दुपारी पॅनलचे दार उघडून पाहिले तर पॉइंटांवर ठिणग्या उडत होत्या. हँगरमध्ये, तेलाच्या ट्रॉलीत! लाइन खराब म्हणायची तर मग कुठली चांगली?

आपल्या इंजिनिअरसाहेबांनी ४८० करणारा स्टेप-अप ट्रान्सफॉर्मर लावायला सांगितले, तोही आमच्या खर्चाने. कॉन्टॅक्टर त्याने शांत होईलही, पण मोटरचे काय? ट्रान्सफॉर्मर व्होल्ट बदलतो, हर्ट्झ नाही. ४६० ला ६० या हिशेबाने ५० हर्ट्झवर या मोटरला सुमारे ३८३ व्होल्टच पुरतात. आज ४१५ वरच तिच्या लोखंडी कोअरमध्ये चुंबकत्व गरजेपेक्षा जास्त भरते, टाँग टेस्टरवर (करंट मोजायच्या चिमट्यावर) विनालोड करंटही जास्त दिसतो. ४८० दिले तर ते ३८३ पेक्षा पाव हिश्शाने जास्त. जळगावच्या मे महिन्यात, ४४-४५ अंशांत, ते वाइंडिंग किती टिकेल ते आपणच सांगा. हर्ट्झ बदलणारा ड्राइव्ह बसवला तर वेग मिळेल, पण ४१५ घेऊन ड्राइव्ह ४६० बाहेर काढत नाही. पूर्ण प्रेशरला मोटर जास्त अँपिअर ओढणारच.

तेव्हा स्टिकर नको, सल्लाही नको. ४१५ व्होल्ट, ५० हर्ट्झची मोटर, या वेगावर ठरलेले तेल देणारा पंप आणि ४१५ चा टॅप असलेला कंट्रोल ट्रान्सफॉर्मर आपल्या खर्चाने बसवून द्या. नंतर आमच्यासमोर लोडवर तेलाचे माप आणि करंट मोजून चाचणी अहवालावर सही करा. जमत नसेल तर ट्रॉली परत न्या, नेण्याचे भाडे आपले. बिलाची उरलेली रक्कम चाचणी पास होईपर्यंत मिळणार नाही, हे अकाउंट विभागालाही कळवा, त्यांचे रोज फोन येतात.

नेमप्लेट, स्टिकर आणि पॅनलचे फोटो सोबत जोडले आहेत.

कळावे,
वर्कशॉप प्रमुख
एमआयडीसी, जळगाव