एका गाण्यामागचं दुसरं गाणं

दादर, मुंबई

प्रिय विजू,

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पार्ल्याच्या मंडळाला 'एकाच गाण्याने ओळखले जाणारे कलाकार' असा कार्यक्रम करायचा आहे, हे वाचून मनापासून आनंद झाला. सोबतची यादीही नीट वाचली. विषय सुंदर आहे, पण यादी आहे तशी रंगमंचावर नेऊ नकोस. तिच्यातल्या बऱ्याच नावांना तो शिक्का लागू होत नाही, आणि दीनानाथ नाट्यगृहात हे ओळखणारे श्रोते प्रत्येक रांगेत बसलेले असतात.

पुष्पा पागधरे यांचंच नाव घे. 'इतनी शक्ती हमें देना दाता' (अंकुश, १९८६) एवढंच हिंदी श्रोत्याला आठवतं. पण मराठी श्रोत्यासमोर त्यांना एका गाण्याची गायिका म्हणायचं? 'आला पाऊस मातीच्या वासात गं' त्यांचंच, आणि श्रीकांत ठाकरे यांच्याकडे मोहम्मद रफींबरोबर गायलेलं 'अगं पोरी संभाल'ही त्यांचंच. त्याच प्रार्थनेतला दुसरा आवाज सुषमा श्रेष्ठ यांचा. लहानपणी 'तेरा मुझसे है पहले का नाता कोई' गाणारी ती मुलगी पुढे पूर्णिमा या नावाने नव्वदच्या दशकात भरपूर गायली. म्हणजे एका गाण्यातले दोन्ही आवाज यादीबाहेर गेले.

वाणी जयराम यांचंही तसंच. 'बोले रे पपीहरा' (गुड्डी, १९७१) म्हणून तू त्यांना घेतलंस, पण 'हमको मन की शक्ती देना' हे त्याच चित्रपटातलं गाणं त्यांचंच आहे. शाळाशाळांत ते म्हटलं जातं आणि गायिकेचं नाव कुणी घेत नाही. दक्षिणेत त्यांना तीन राष्ट्रीय पुरस्कार मिळाले. मराठीत 'गुड्डी'चे संगीतकार वसंत देसाई यांनीच त्यांच्याकडून कुमार गंधर्वांबरोबर 'ऋणानुबंधाच्या जिथून पडल्या गाठी' गाऊन घेतलं. रेश्मा यांचं 'लंबी जुदाई' (हीरो, १९८३) भारतापुरतं एकुलतं एक. पाकिस्तानात त्या लोकसंगीतातलं फार मोठं नाव होत्या. मोहित चौहान यांचा सिल्क रूट हा गट 'डूबा डूबा'वर ओळखला जातो, पण गायक पुढे चित्रपटांत स्थिरावला. तिथे गटाचं नाव लिही, गायकाचं नको. नाझिया हसन तर 'आप जैसा कोई' (कुर्बानी, १९८०) नंतर लगेच 'डिस्को दीवाने'चा आख्खा अल्बम घेऊन आल्या. त्यांना सरळ काढ.

अमेरिकेत हे मोजणं सोपं जातं. बिलबोर्डची 'हॉट हंड्रेड' यादी ऑगस्ट १९५८ पासून दर आठवड्याला निघते, आणि तिच्या पहिल्या चाळिसात एकदाच आलेला कलाकार या वर्गात धरतात. आपल्याकडे बिनाका गीतमाला होती, पण ती क्रम लावायची गाण्यांचा आणि तोही फक्त हिंदी चित्रपटगीतांचा. गैरफिल्मी गाणी, मराठी भावगीतं, कोळीगीतं तिच्या कक्षेत नव्हतीच. त्यामुळे आपल्याला हाताने शोधावं लागतं. हिंदीसाठी 'हमराज' यांच्या हिंदी फिल्म गीतकोशाचे खंड काढ आणि प्रत्येक नाव त्या दशकाच्या खंडात तपास. मराठीसाठी तबकडीवरचं लेबल पाहा. इंटरनेटवरच्या चित्रफितीखाली लिहिलेल्या नावावर अजिबात विसंबू नकोस. विशेषतः दोन स्त्री-आवाजांच्या गाण्यात मोठं नाव तेवढं राहतं. 'हँसता हुआ नूरानी चेहरा' (पारसमणी, १९६३) लताबाईंचं म्हणून लावतात, आणि बरोबरीने गायलेल्या कमल बारोट गळून पडतात.

आता मला जे मुख्य सांगायचंय ते. या कार्यक्रमात प्रत्येक गाण्यानंतर त्याच कलाकाराच्या दुसऱ्या गाण्याचा फक्त मुखडा गा. चाळीस सेकंद, हार्मोनियम किंवा अ‍ॅकॉर्डियन आणि तबला, बस. नुसतं गाजलेलं गाणं गायलात, तर श्रोता आला तेवढंच घेऊन घरी जाईल आणि कलाकारावरचा शिक्का तुम्हीच आणखी घट्ट कराल. मुखडा ऐकला की त्याला कळतं की मागे आणखी काम आहे. जिथे दुसरं गाणं सापडतच नाही, तिथे निवेदकाने तसं स्वच्छ सांगावं. असा कलाकार खरा एका गाण्याचा, आणि त्याचा मान वेगळा.

मुबारक बेगम यांचं 'कभी तनहाइयों में यूँ' (हमारी याद आएगी, १९६१) घ्याच. मुखडा 'मुझको अपने गले लगा लो'चा (हमराही, १९६३). पण त्याच गाण्यात दुसरा हक्कदार आहे तो संगीतकार स्नेहल भाटकर. आपला मुंबईचा मराठी माणूस, भजनांत रमलेला, आणि हिंदीत लोक त्यांना या एका चालीवर ओळखतात. त्यांच्यासाठी 'छबिली' (१९६०) मधलं 'ऐ मेरे हमसफर' घे, ते नूतन यांनी स्वतः गायलंय. संगीतकार सरदार मलिक यांचं 'सारंगा तेरी याद में' (१९६१) घेतलंस तर मागे त्यांच्याच चालीचं, तलत मेहमूद यांनी गायलेलं 'ऐ गमे दिल क्या करूँ' (ठोकर, १९५३) ठेव. जगजीत कौर यांच्या 'तुम अपना रंज-ओ-गम' (शगुन, १९६४) मागे 'देख लो आज हमको जी भर के' (बाजार, १९८२). कमल बारोट यांच्यासाठी 'दादी अम्मा दादी अम्मा मान जाओ' (घराना, १९६१). संगीतकार दत्ताराम यांच्या 'आँसू भरी हैं' (परवरिश, १९५८) मागे 'चुन चुन करती आई चिडिया'. त्यांच्या नावाने ओळखला जाणारा ढोलकवरचा ठेका तुमच्या वादकाला येत असेल, तर तो अर्धा मिनिट नुसता वाजवून दाखवा.

सुधा मल्होत्रा हे प्रकरण आणखी वेगळं. गायिका म्हणून त्यांची गाणी पुष्कळ, पण 'दीदी' (१९५९) चे संगीतकार एन. दत्ता आजारी असताना 'तुम मुझे भूल भी जाओ'ची चाल त्यांनी लावली. लोकांना त्यांची माहीत असलेली चाल तेवढी एकच. ते गाणं 'एका चालीची संगीतकार' म्हणून सादर कर.

पाश्चात्त्य एखादंच गाणं ठेवायचं तर कार्ल डग्लस यांचं 'कुंग फू फायटिंग' (१९७४) ठेव. त्याचा निर्माता बिद्दू, बंगळूरचा, म्हणजे 'आप जैसा कोई'चाच संगीतकार. ते तबकडीच्या मागच्या बाजूसाठी, स्टुडिओची वेळ संपताना उरलेल्या दहाएक मिनिटांत उरकलेलं गाणं होतं. ते इंग्लंड-अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं, आणि ज्या गाण्यावर खरी मेहनत घेतली होती ते आज कुणाला आठवत नाही. श्रोत्यांना 'एकच का?' हा प्रश्न पडणारच, त्याचं एक उत्तर या प्रसंगात आहे. आपल्याकडची कारणं जास्त करून व्यवसायातली होती. पार्श्वगायनात संगीतकारांचे ठरलेले आवाज असायचे. नव्या गायिकेला लहान बजेटचा चित्रपट मिळायचा, तो पडला की गाणं तेवढं रेडिओवर उरायचं. मराठीत आकाशवाणीच्या 'भावसरगम'सारख्या कार्यक्रमातून गाणं घरोघर पोचायचं, पण त्याची तबकडी निघाली नाही तर गायकाकडे दाखवायला काहीच राहत नसे. कॅसेटच्या काळात उलट झालं. हसन जहांगीर यांचं 'हवा हवा' गल्लीगल्लीत वाजलं, पण त्याची चाल मुळात इराणी गायक कुरोश यगमाई यांची, हे ऐकणाऱ्यांच्या गावीही नव्हतं.

वेळेचा हिशेब असा धर. अडीच तास, म्हणजे १५० मिनिटं. मध्यंतराची १५ वजा केली की १३५. गाणं आणि मागचा मुखडा मिळून ५ मिनिटं, निवेदन दीड मिनिट, टाळ्या आणि गायकांची ये-जा अर्धा मिनिट. म्हणजे एका कलाकाराला ७ मिनिटं, एकूण १९ कलाकार. प्रत्यक्षात १७च ठेव. साडेआठला पडदा उघडला तर अकराला लोक उठायला लागतात, विरार-डोंबिवलीची गाडी कुणी सोडत नाही.

तालमीत जे हमखास बिघडतं ते आधीच सांगतो. ७८ फेऱ्यांच्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर साधारण सव्वातीन मिनिटं मावायची, त्यामुळे पुष्कळ गाण्यांत तबकडी आणि चित्रपट यांत फरक आहे. कुठे एक अंतरा जास्त, कुठे मधला म्युझिक पीस लांब. गायिका मोबाइलवर चित्रपटातलं पाठ करते, वादक तबकडीवरून नोटेशन काढतात, आणि दुसऱ्या अंतऱ्याला दोघांची टक्कर होते. प्रत्येक गाण्याचं एकच ध्वनिमुद्रण ठरव आणि तीच फाइल सगळ्यांना पाठव.

दुसरी भानगड पट्टीची, म्हणजे गाणं कुठल्या सुरात धरायचं त्याची. चित्रपट सेकंदाला २४ चौकटींनी चालतो, आपल्या टीव्हीची पद्धत २५ ची. जुन्या चित्रफिती तशाच उतरवल्यामुळे वेग सुमारे ४ टक्के वाढतो आणि सूर अर्ध्या स्वराच्या जवळपास ७० टक्के वर चढतो. मूळ गाणं काळी चारमध्ये (हार्मोनियमच्या सप्तकातली चौथी काळी) असेल तर चित्रफितीत ते पांढरी सहाला किंचित कमी पडतं. कीबोर्डवाला सरळ पांढरी सहा धरतो, आणि अंतऱ्याच्या वरच्या सुरावर गायिकेचा आवाज फाटतो. तबकडीवरून किंवा चांगल्या सीडीवरून पट्टी तपास, आणि शेवटी गायिकेच्या गळ्याला जी सोयीची तीच ठेव. युगुलगीतात तर हे फारच जपायला हवं. 'तुम मुझे भूल भी जाओ' बाईंच्या काळी चारात घेतलं तर पुरुष एक तर फार खाली किंवा फार वर जातो. दोघांना उभं करून तीन पट्ट्यांत मुखडा गाऊन बघा आणि जिथे दोघांचे शब्द स्वच्छ येतील ती निवडा. मध्येच पट्टी बदलण्याचा मोह टाळ.

वाद्यवृंद मोठा नको. दोन कीबोर्ड, अ‍ॅकॉर्डियन, गिटार-मेंडोलिन एकाकडे, बेस, बासरी, तबला-ढोलक, साइड रिदम आणि ऑक्टोपॅड. अ‍ॅकॉर्डियनला दोन माइक लागतात, उजवीकडच्या पट्ट्यांना एक आणि डावीकडच्या बेसला एक, नाहीतर भाता उघडताना आवाज येतो आणि जातो. 'कभी तनहाइयों में'ला मात्र हात आवरायला सांग. त्या गाण्याची सगळी ताकद रिकाम्या जागांत आहे. कीबोर्डवाल्याने प्रत्येक ओळीमागे स्ट्रिंग्ज भरल्या की ते कुठलंही साधं दुःखी गाणं होऊन बसतं. आणि मुबारक बेगमांची नक्कल करणारी गायिका शोधू नका. तो घोगरेपणा उसना आणला की बेगडी वाटतो. शब्द नीट उच्चारणारी, श्वास लपवता येणारी मुलगी घ्या.

चार तासांच्या तालमीत नऊ गाण्यांच्या पुढे कुणी जात नाही. म्हणून वादकांच्या दोन, आणि गायक, निवेदक, मुखडे यांसह सलग एक, अशा तीन तालमींचे पैसे आधीच धर. मुखड्यांची तालीम सगळे टाळतात आणि तिथेच कार्यक्रम अडखळतो, कारण पट्टी क्षणात बदलायची असते.

हक्कांचं, म्हणजे कॉपीराइटचं, काम तारीख ठरताच सुरू कर. ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्धीच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं असतो. म्हणजे १९६१ च्या तबकडीचा २०२१ अखेर संपला. पण शब्द आणि चाल यांचा हक्क कवी-संगीतकाराच्या निधनानंतर ६० वर्षं चालतो. 'कभी तनहाइयों में'चे कवी किदार शर्मा १९९९ मध्ये गेले, संगीतकार स्नेहल भाटकर २००७ मध्ये, तेव्हा ते गाणं सादर करायला परवाना लागणारच. तो आयपीआरएस या गीतकार-संगीतकारांच्या संस्थेकडून घ्यायचा. वादक प्रत्यक्ष वाजवणार असतील तर तेवढा पुरतो. तयार ट्रॅकवर गाणार असाल तर त्या ट्रॅकच्या मालकाचीही परवानगी हवी. हौशी मंडळाने विनामूल्य कार्यक्रम केला तर कायद्यात सवलत आहे, पण तुम्ही तिकीट लावणार, त्यामुळे ती धरू नका. अर्जासोबतच्या यादीत गीतकार-संगीतकारांची नावं अचूक लिही. कायद्यातल्या २०१२ च्या दुरुस्तीनंतर रॉयल्टीतला त्यांचा वाटा त्यांच्याकडून कुणाला काढून घेता येत नाही, आणि ज्याचं एकच गाणं चालतं त्याच्या घरच्यांना येणारा पैसा त्या एका ओळीवर अवलंबून असतो. गायकांना मात्र यातून काही मिळत नाही. कुणी हयात कलाकार येणार असतील तर त्यांचं मानधन वेगळं ठरवा आणि कार्यक्रमाआधी द्या.

निवेदन दीड मिनिटाचं, म्हणजे पावणेदोनशे शब्द. त्यात वर्ष, चित्रपट, गीतकार, संगीतकार आणि या कलाकाराने आणखी काय केलं, एवढं यावं. हलाखी, उपेक्षा, शेवटचे दिवस यावर एक वाक्यही नको. सभागृहात त्यांचे नातेवाईक बसलेले असू शकतात, आणि नसले तरी गाण्याआधी श्रोत्याला कीव करायला लावली की तो गाणं ऐकतच नाही.

सुधारलेली यादी आणि प्रत्येक गाण्यामागचा मुखडा असं दोन रकान्यांत लिहून पाठव. मराठी गाणी निदान सहा असू देत. जी. एन. जोशींचं 'रानारानांत गेली बाई शीळ' सुरुवातीलाच घे. कविता ना. घ. देशपांडे यांची. जोशी पुढे एचएमव्हीत अधिकारी झाले आणि शास्त्रीय संगीतातल्या मोठमोठ्या कलावंतांचं ध्वनिमुद्रण त्यांनी केलं, हे निवेदनात जरूर यावं. पट्ट्या मी गायकांची नावं कळल्यावर लिहून देईन.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
अविनाश