थिबा पॉइंटवरच्या चौघांचे मनापासून आभार

रविवारी संध्याकाळी आईला रत्नागिरीच्या थिबा पॉइंटवरच्या बागेत नेलं होतं. इंग्रजांनी १८८५ साली गादीवरून उतरवलेला ब्रह्मदेशचा थिबा राजा १९१६ साली इथेच रत्नागिरीत वारला, हे ती मला सांगत होती. खाली काजळी नदी, भाट्याची खाडी. तेवढ्यात तिला भोवळ आली आणि कपाळ पायरीवर आपटलं.

कॉलेजच्या दोन पोरांनी तिला अलगद उचलून बाकावर निजवलं. एका मावशींनी पदर ओला करून रक्त पुसलं, आपल्या बाटलीतलं कोकम सरबत झाकणाझाकणाने पाजलं. रिक्षावाले दादा टाके पडेपर्यंत दवाखान्याबाहेर थांबले, पैसे घेतलेच नाहीत. गडबडीत कुणाचं नावही विचारलं नाही.

आई आता बरी आहे. मावशी, तुमची बाटली आमच्याकडेच राहिली आहे, धुऊन ठेवली आहे.