काचेचा पेला आणि अडीच मोसंबी

पुणे,
१० ऑगस्ट

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र येऊन पंधरा दिवस झाले. उत्तर लांबण्याचे कारण म्हणजे उत्तरेकडच्या खिडकीत मांडलेला पाण्याचा पेला आणि त्याच्या आजूबाजूची अडीच मोसंबी. दोन अख्खी आणि एक अर्धी कापलेली. उतारवयात तैलरंग शिकायला घेतले आहेत, हे वाचून तू हसशील, पण इंटरमिजिएटच्या परीक्षेत शेजारी बसून आपण जलरंगात वस्तुचित्र काढले होते, त्याचीच ही थकबाकी आहे असे समज.

ती जुनी सवयच मला आडवी आली. जलरंगात उजेड म्हणजे कोरा सोडलेला कागद. तैलरंगात मात्र गडद छटांपासून सुरुवात करून शेवटी उजेडापर्यंत यायचे असते. पहिल्या दिवशी मी पेल्यावरच्या चमकेसाठी कॅनव्हासवर जागा राखून ठेवली आणि नंतर ती जागा भोकासारखी दिसू लागली.

फळांनी फारसा त्रास दिला नाही. सावलीसाठी पिवळ्यात काळा मिसळला तेव्हा शेवाळी हिरवा रंग तयार झाला आणि मोसंबे नासल्यासारखे दिसू लागले. काळ्याऐवजी थोडा बर्न्ट अंबर, म्हणजे गडद तपकिरी, आणि किंचित जांभळा घेतल्यावर गोलाई आली. सावलीच्या अगदी तळाशी खालच्या पांढऱ्या कापडाचा परतलेला उजेड असतो, तो टिपला की फळ कापडावर टेकते.

पेल्याने मात्र माझी परीक्षा पाहिली. मी त्याला चोहोबाजूंनी करडी रेघ मारली होती, त्यामुळे तो जस्ताच्या डब्यासारखा झाला. तासभर नुसते पाहिल्यावर उमगले, की काचेला स्वतःचा असा रंग जवळजवळ नसतोच; आपण रंगवतो ते तिच्या पलीकडचे, वाकलेले जग. पाण्याने भरलेला गोल पेला भिंगाचे काम करतो, म्हणून मागे डावीकडे ठेवलेले मोसंबे पेल्यात उजवीकडे आणि फुगलेले दिसते. ते जसे दिसते तसे ठेवायला हात धजत नव्हता, कारण मनाला ते चूक वाटत होते. शेवटी डोळे अर्धवट मिटून, पेला आहे हेच विसरून, रंगाचे ठिपके शेजारी शेजारी लावले आणि करडी रेघ फडक्याने पुसली. कडा तिथेच गडद केली, जिथे ती खरोखर गडद होती. उरलेल्या ठिकाणी ती पार्श्वभूमीत विरघळू दिली.

या काळात हार्लेमच्या विलेम क्लास हेडा या डच चित्रकाराचे १६३५ मधले, आता ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये असलेले सोनेरी चषकाचे चित्र संगणकावर मोठे करून पुन्हा पुन्हा पाहिले. राखाडी-तपकिरी छटांतच सारा खेळ, आणि शुभ्र पांढरा किती जपून वापरलेला! माझ्या पेल्यावर मी नऊ ठिकाणी चमक दिली होती. आता दोन आहेत, आणि त्याही निळसर, कारण खिडकीबाहेर पावसाचे आभाळ आहे. निव्वळ टायटॅनियम व्हाइट एकाच टिंबात उरला आहे.

पेल्याचा तळ अजून साधलेला नाही. काठ, पाण्याची पातळी आणि तळ या तिन्ही लंबगोलांत डोळ्यापासून जो जास्त खाली, तो जास्त गोल; मी तळ सपाट काढल्याने पेला कलंडेल असे वाटते.

दुसरी अडचण वाळण्याची. जवसाचे तेल पाण्यासारखे उडून जात नाही, हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होते. म्हणून खालच्या थरात टर्पेंटाइन जास्त आणि वरच्या थरांत तेल वाढते ठेवायचे. उलटे केले तर वरचा थर आधी वाळतो आणि पुढे तडकतो. अंबरमध्ये मँगनीज असते, त्यामुळे तो लवकर वाळला, पण पिवळा अजून बोटाला चिकटतो आहे.

रात्रभर ठेवलेल्या पाण्यात सकाळी काचेच्या आतून बारीक बुडबुडे धरलेले दिसले. ते मी रंगवले, मग हावरेपणा वाटून पुसले. तू असतास तर ठेवायला सांगितले असतेस, असे आता वाटते.

अर्ध्या मोसंब्याला काल बुरशी आली. उद्या दुसरे कापायचे आहे, पण जुन्याच्या फोडी दहा होत्या, नव्याच्या किती निघतील कोण जाणे. म्हणजे गराचा भाग पुन्हा खरवडावा लागेल.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा स्नेहांकित मित्र