ती. आई-बाबांस, जोवईहून (जयंतिया टेकड्या, मेघालय)

ती. आई-बाबांस सा. न.

बाबा, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "जयंतियात एवढा कोळसा आहे, तर एखादी मोठी कंपनी येऊन नीट खाण का काढत नाही?" बल्लारपूरच्या खाणीत उभी हयात काढलेल्या माणसाला याचं उत्तर फोनवर दोन वाक्यांत देणं मला पटेना, म्हणून लिहितेय.

आपला वर्धा खोऱ्यातला कोळसा गोंडवाना नावाच्या प्राचीन खडकांतला, पंचवीस कोटी वर्षांहून जुना. घुग्घुसकडचा दहा-पंधरा मीटर जाडीचा थर तुम्ही पाहिलेला आहे. इथला कोळसा इओसीन काळातला, जेमतेम पाच-साडेपाच कोटी वर्षांचा. तो समुद्रकाठच्या दलदलीत तयार झाला. समुद्र पुन्हा पुन्हा आत शिरत राहिला, म्हणून थर फुटभरापासून फार तर सहा-सात फुटांचे, आणि जोडीला चुनखडक. त्या खडकात नाण्यासारखे गोल जीवाश्म सापडतात. आई, तुझ्यासाठी एक बाजूला ठेवलाय.

समुद्राच्या पाण्यातूनच कोळशात गंधक आलं. राख कमी, उष्णता चांगली, म्हणून गिऱ्हाईक मिळतं. पण गंधक बरंचसं कोळशाच्या अंगातच मुरलेलं, धुऊन निघत नाही. उरलेलं पायराइटमध्ये, म्हणजे लोखंड-गंधकाच्या खनिजात. त्याला हवा-पाणी लागलं की आम्ल होतं, आणि इथल्या पावसाबद्दल तर मी सांगायलाच नको. लुखा नदी हिवाळ्यात निळीशार होते. पाहणाऱ्याला सुंदर वाटते, पण त्या पाण्यात मासे मरतात. मला ते बघवत नाही.

जमीन सरकारची नाही, घराण्यांची आणि कुळांची. १९७३ चं कोळसा खाणींचं राष्ट्रीयीकरण इथे व्यवहारात पोचलंच नाही. थर पातळ, मालक अनेक, म्हणून ज्याने त्याने खड्डा खणला आणि तळातून आडवी बिळं काढली. माणूस रांगत आत जातो. आधाराचे पिलर नाहीत, हवेची सोय नाही. राष्ट्रीय हरित लवादाने २०१४ मध्ये अशा खाणींवर बंदी घातली, तरी १३ डिसेंबर २०१८ ला इथल्या क्सान गावी सुमारे ३७० फूट खोल खाणीत पाणी घुसून पंधरा जण अडकले. कोणी जिवंत परतलं नाही.

पुढे २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की कोळसा मालकाचा असला तरी खाणपट्टा कायद्यानेच घ्यावा लागेल. २०२५ मध्ये परवान्याची पहिली खाण सुरूही झाली. हे चांगलंच झालं. पण सगळ्या मेघालयातला कोळसा मोजला तरी सुमारे ५७ कोटी टन, म्हणजे देशाचं सहा-सात महिन्यांचं उत्पादन. त्यावर जिल्ह्याचं भविष्य बांधू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. चुनखडकावर सिमेंटचे कारखाने उभे आहेत, तो उद्योग जास्त टिकेल. पण त्याच चुनखडकात देशातल्या सर्वात लांब गुहा आहेत आणि गावांच्या झऱ्यांचं पाणीही तिथूनच येतं. त्यामुळे तिथेही हात राखूनच खणायला हवं.

नव्या खाणींआधी जुने उघडे खड्डे बुजवावेत, असं मी इथे सगळ्यांना सांगत असते. बाबा, कोळसा काढून झाल्यावर तुम्ही खाणीतल्या रिकाम्या जागेत वाळू भरायचात ना? पाणी मिसळून ती कशी सोडायचे, पाणी परत कुठून उपसायचे आणि पावसाळ्यात काय करायचे, ते सविस्तर लिहून पाठवा. डोळ्यांना त्रास होत असेल तर तुम्ही सांगा, आई लिहून घेईल.

तुमची,
मनू