दगडावरचे नेचे आणि दगडातले नेचे

माननीय संपादक महोदय,

शेतात सापडलेल्या, काळ्या नाजूक फांद्यांची नक्षी असलेल्या दगडाचे छायाचित्र आपल्या जिल्हा पुरवणीत ‘नेच्याचा जीवाश्म’ म्हणून नुकतेच प्रसिद्ध झाले. छायाचित्रावरून तरी ती नक्षी वनस्पतीची वाटत नाही. मँगनीजयुक्त पाणी दगडाच्या भेगेत झिरपले की त्यातील ऑक्साइडे अशीच फांद्याफांद्यांनी पसरतात. त्यांना पानाची मध्यशीर नसते आणि सूक्ष्मदर्शकाखाली एकही पेशी दिसत नाही.

नेच्यांचे खरे जीवाश्म आपल्या परिसरात आहेत, परंतु ते नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी, लाव्हाच्या दोन थरांच्या उसंतीत येथे तळी होती. त्यांच्या गाळात पडलेल्या वनस्पतींच्या पेशींत त्या कुजण्याआधीच सिलिका (वाळूतले, गारगोटीतले द्रव्य) शिरली आणि त्या गाळाचा चर्ट नावाचा कठीण दगड झाला. असा तुकडा कापून आणि कार्बोरंडमच्या भुकटीने घासून सुमारे ०.०३ मिलिमीटर जाडीचा केला की प्रकाश त्यातून आरपार जातो. मग नेच्याच्या वाहक पेशींच्या भिंतींवरच्या, शिडीच्या पायऱ्यांसारख्या आडव्या खाचा दिसू लागतात. मध्य प्रदेशातील छिंदवाडा भागातल्या मोहगाव कलान येथील चर्टमधून पुरावनस्पतिशास्त्रज्ञ बिरबल साहनी यांनी वर्णिलेले ‘रोडेइटिस’ हे मार्सिलिया या पाणनेच्याच्या कुळातले बीजाणुफळ (बीजाणूंची कठीण कुपी) असेच कापांतून उलगडले. त्यात लहान आणि मोठे असे दोन प्रकारचे बीजाणू आहेत, जे बहुतेक नेच्यांत आढळत नाहीत. त्याच भागातल्या सौंसरच्या चर्टमध्ये अझोला हा तरंगता पाणनेचाही मिळाला असून, त्याचाच आजचा भाऊबंद आपले शेतकरी चाऱ्यासाठी टाक्यांत वाढवतात. वर्धा जिल्ह्यातील नवरगावचा चर्टही अभ्यासकांना परिचित आहे.

दुर्दैवाने नक्षी नसलेला असा काळपट दगड कोणी जपत नाही. तो धुऱ्यावर फेकला जातो किंवा गिट्टीत जातो. नक्षीच्या दगडाला मात्र तेल-शेंदूरही लागतो! माझी विनंती एवढीच की अशी बातमी छापण्यापूर्वी तो दगड जवळच्या महाविद्यालयाच्या वनस्पतिशास्त्र किंवा भूशास्त्र विभागाला दाखवावा, आणि सापडलेल्या शेताचा गट क्रमांक व दगड मुरमाच्या वर होता की खाली, हे शेतकऱ्याला विचारून लिहून ठेवावे. ही नोंद नसेल, तर काप कितीही स्वच्छ निघाला तरी तो कोणत्या थरातला हे ठरवता येत नाही.

आपला नम्र,
वनस्पतिशास्त्राचा एक निवृत्त अध्यापक,
ता. समुद्रपूर, जि. वर्धा